वहिवाट

पहिली तीन वर्षं मी फक्त तारखा मागितल्या.
देसूरकर वकील बेळगावच्या मोठ्या कोर्टात
आणि मी खानापुरात, त्यांच्या नावानं उभी:
"सीनियर बेरे कोर्टिनल्लि इद्दारे, महास्वामी."
हे एवढं एक वाक्य
नंदगडच्या बसमध्ये घोकत यायची मी, पुटपुटत.
शेजारच्या बाईला वाटलं जप चाललाय.
तिनं मला खिडकी दिली.

कोट खडेबाजारात शिवलेला, उधारीवर.
बाह्या दोन बोटं लांब.
शिंपी म्हणाला, असू दे की,
प्रॅक्टिस वाढेल तसा बसेल.
अजून बसतोय.

बाबा कौलांच्या कारखान्यात.
संध्याकाळी हातापायाची लाल माती धुताना विचारायचे,
आज काय बोललीस?
मी म्हणायची, तारीख.
ते म्हणायचे, भट्टीतसुद्धा पहिले दिवस नुसता धूरच दिसतो,
आणि पाणी तांबडं होऊन मोरीतून जायचं.

मग रवळू गुरवाचा दावा आला.
दावा म्हणजे काय, बांधावरची पाऊलवाट,
बैल एकामागे एक जातील एवढीच.
शेजाऱ्यानं तिच्यावर काजू लावलेले, तार ओढलेली.
रवळूकडे एक कागद, एक्कावन्न सालचा, आजोबाच्या अंगठ्याचा,
घडीवर फाटलेला, मराठीत;
तेव्हा इथली कचेरी मराठीत लिहायची.
"सदर वाटेने पूर्वापार वहिवाट आहे."
भाषांतरकारानं कन्नडमध्ये उतरवलं: वहिवाटु.
कुठेही चूक नाही, एक अक्षर इकडचं तिकडे नाही,
फक्त तिकडे वहिवाटु म्हणजे देणंघेणं, व्यापार.

समोरचे हुक्केरी वकील उठले, मजेत.
वाटेवर कसला व्यवहार, स्वामी?
पावती कुठंय? रक्कम किती?
कोर्ट हसलं. शिरस्तेदारसुद्धा.
रवळू हसला, कारण सगळे हसत होते.

मला त्या दिवशीही तारीखच मागायची होती.
तोंड उघडलं ते त्यासाठीच.
पण जप आठवेना.
साहेब मंड्याकडचे, मराठीचा त्यांना गंध नाही,
कायदा माझ्या डोक्यात इंग्रजीत,
आणि डोळ्यांपुढे तो तांबडा बांध,
आमच्याही शेताकडे तसाच एक आहे,
आईच्या टाचांनी गुळगुळीत झालेला.
ह्याला कन्नडमध्ये काय म्हणतात?
हातात व्याकरण नव्हतं, नुसती बाही होती, लांब.

"रूढी," मी म्हणाले.
साहेबांनी मान वर केली.
रूढी त्यांचीही होती.
"रूढियिंद नडेदु बंद दारि, महास्वामी.
रूढीनं चालत आलेली वाट."
दारि म्हणजे तिकडे रस्ता, आमच्याकडे दारी म्हणजे उंबऱ्याशी.
मी दोन्ही अर्थांनी बोलले असेन.
साहेब पेनाचं टोपण काढून काहीतरी लिहीत राहिले,
पंखा फिरत होता,
हुक्केरी वकील खाली बसले, पण सावकाश,
दुखऱ्या गुडघ्यानं बसावं तसे.

जिंकलो वगैरे नाही.
भाषांतर पुन्हा करून आणा, एवढाच हुकूम,
आणि पुढची तारीख.
न मागता मिळालेली.

रवळूनं फी म्हणून अर्धं पोतं रताळी आणली,
बसच्या टपावरून स्वतः उतरवली.
देसूरकरांनी त्यातली चार उचलली, म्हणाले,
माझ्या वेळी तांदूळ मिळायचा.
आणि त्यांच्या पाटीखालच्या मोकळ्या जागेकडे
नुसतंच बघितलं.

अकरा वर्षं झाली. दावा आता वरच्या कोर्टात,
रवळूची केसं पिकली, काजू धरायला लागले,
तार अजून आहे. तिच्याखालून वाकून
तो रोज जातो.
मी विचारलं, वाकताना पाठ लागत नाही?
म्हणाला, लागती की.
पण एक दिवस गेलो नाही तर तुम्ही तिथं काय सांगणार,
वहिवाट हाय म्हणून?

आता माझ्याकडे एक मुलगी येते, कापोलीची, नवीन.
बसमध्ये तिचे ओठ हलताना दिसले परवा.
मी उठले, तिला खिडकी दिली.